देवस्थळी बाईंची न थांबलेली गोळी

तारखा आधी देतो, राग नंतर.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास श्रीमती देवस्थळी यांना पाठोपाठ दोनदा चक्कर आली आणि चक्करची गोळी सुरू झाली. नवरात्रापर्यंत चक्कर गेली. गोळी गेली नाही. संक्रांतीला तिळगूळ देताना त्यांचा उजवा हात हलताना दिसला. शिमग्याला हात हलतो म्हणून दुसरी गोळी आली. अक्षय तृतीयेला, दुसऱ्या गोळीने पोट साफ होईना म्हणून, तिसरी. आषाढात गोळ्या थांबल्या. दसऱ्याला हात स्थिर होता. दिवाळीच्या पाडव्याला पहिली गोळी पुन्हा सुरू झाली. पुढच्या संक्रांतीनंतर बाई पडल्या आणि महाशिवरात्रीच्या आधी गेल्या.

जबाबदार असे. पहिले, त्यांचे डॉक्टर, ज्यांनी गोळी सुरू केली पण ती कधी थांबवायची हे कोठेही लिहिले नाही. दुसरे, आमच्या इमारतीखालचे मेडिकलवाले, ज्यांनी तीच जुनी चिठ्ठी पाहून तीच गोळी पुन्हा पुन्हा दिली. तिसरे, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचा अपराध शेवटी येईल. चौथ्या जबाबदार खुद्द देवस्थळी बाई. मृत व्यक्तीवर ठपका ठेवू नये असा संकेत आहे. मी न्यायालयाच्या कचेरीत उभी हयात नोकरी केली आहे. मृताचाही जबाब नोंदवला जातो हे मला माहीत आहे.

बाई नवीन पनवेलमध्ये आमच्या समोरच्या दारात राहत. पनवेलच्या एका शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, आणि इतकी वर्षे शिकवला की गावात दोन प्रकारची माणसे उरली: बाईंचे विद्यार्थी, आणि बाहेरून आलेले माझ्यासारखे. विद्यार्थ्यांची नावे त्या घेत नसत. कोण कोणत्या बाकावर बसे, त्यावरून ओळखत. डॉक्टर म्हणजे पहिला बाक. मेडिकलवाला म्हणजे शेवटचा बाक, खिडकीकडचा. अध्यक्ष म्हणजे मधला बाक. पन्नाशी ओलांडलेले हे लोक जिन्यात "ए शेवटचा बाक, चप्पल नीट ठेव" अशी हाक आली की चप्पल नीट ठेवत.

मी कोणत्याच बाकावरचा नव्हतो. माझे नाव त्यांनी 'अर्जदार' ठेवले होते.

त्याला कारण घडले. बाई आपले जुने नकाशे उन्हात घालण्यासाठी गच्चीच्या दाराला टांगत आणि दार अडे. मी रीतसर लेखी हरकत घेतली. उपविधींचा हवाला दिला, परिणामांची जाणीव करून दिली. दुसऱ्या दिवशी माझेच पत्र माझ्या दाराच्या फटीतून परत आले. लाल शाईने दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या होत्या आणि खाली शेरा होता: "मुद्दा बरोबर. राग जास्त. पुन्हा लिहा."

मी पुन्हा लिहिले. नकाशे हलले. त्यानंतर आमचे वैर इतके पक्के झाले की रोज संध्याकाळचा चहा त्यांच्याकडेच होऊ लागला.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झाले की त्या पार्किंगच्या फरशीवर खडूने महाराष्ट्र काढीत. हात न उचलता, एका दमात. सुरुवात डहाणूपासून. प्रत्येक खाडीला खडू आत वळे आणि बाहेर येई, पनवेलच्या खाडीशी क्षणभर थांबे, आणि खाली रेडीपर्यंत जाई. मग पूर्वेचा लांब वळसा. दोन गाड्यांची जागा त्या नकाशाला लागे, आणि त्या दिवशी त्या जागेवर गाडी लावण्याची कोणाची छाती नव्हती. नकाशा झाला की भोवती उभ्या मुलांची उलटतपासणी होई.

"शिरढोण कुठे आलं?"

एखादा मुलगा नागपूरकडे बोट दाखवी.

"शाब्बास. रोज शाळेच्या बसमधून दिसतं ते गाव तू विदर्भात नेलंस. तुझ्या बापालाही सापडत नव्हतं. बाप कुठाय? मधला बाक, पुढे ये आणि मुलाला शिरढोण दाखव."

आणि अध्यक्ष, झेंडावंदनाची टोपी डोक्यावर असताना, गुडघे टेकून शिरढोण दाखवत.

हे सर्व सांगण्याचा हेतू बाई थोर होत्या हे ठसवणे नव्हे. त्या हेकट होत्या, फटकळ होत्या. त्यांना कोणाची चूक दिसली की चैन पडत नसे. वर्तमानपत्रातला नकाशा चुकला तर संपादकांना फोन जाई. सगळ्या गावाची चूक काढण्याचा परवाना त्यांनी स्वतःला दिला होता. त्यातून फक्त एका माणसाला सूट होती.

तो माणूस म्हणजे पहिला बाक.

डॉक्टर त्यांच्याकडून फी घेत नसत. हे ते स्वतःही सांगत, बाईही सांगत, आणि या गोष्टीचे सर्वांना कौतुक होते. माझे म्हणणे असे की विनाशुल्क असल्यामुळेच तेथे तपासणी कधी झाली नाही. दवाखान्यात बाई गेल्या की डॉक्टर खुर्चीतून उठून पाया पडत. रांगेतले रुग्ण गहिवरत. मग उभ्याउभ्याच बोलणे होई.

"बाई, कसं वाटतंय?"

"तुझ्या गोळीनं बरं वाटतंय."

"मग तीच चालू ठेवा."

बाहेर जाताना पुन्हा पाया. मी दोन वेळा सोबत होतो, म्हणून साक्षीने सांगतो: तो माणूस पायांपर्यंत दरवेळी वाकला, मनगट त्याने एकदाही हातात घेतले नाही. पुढे पुढे तर दवाखान्यातही जाणे उरले नाही. फोनवरच "चालू ठेवा" होऊ लागले.

संक्रांतीला हात हलला तेव्हा बाईंनी तो पदराखाली घेतला. शिमग्याला डॉक्टरांना सांगितले तर ते म्हणाले, कंपवाताची सुरुवात दिसते, वयाप्रमाणे होते, एक गोळी वाढवू. वयावर ढकलले की प्रश्न मिटतो. कारण वय उलटून विचारत नाही.

हातापाठोपाठ इतर गोष्टी गेल्या. चालताना त्या पाय फरशीवरून ओढू लागल्या. चेहऱ्यावरचे भाव पुसले गेले. पूर्वी माझ्यावर चिडल्या की भुवई आधी चढे आणि शब्द मागून येत. आता शब्द येत आणि भुवई जागच्या जागी. खुर्चीतून उठताना हात टेकून थांबत. दुसऱ्या गोळीने तोंडाला कोरड पडे आणि बोलता बोलता शब्द निसटे. येणारे-जाणारे हळहळत: "थकल्या हो बाई." वर्षभरापूर्वी अध्यक्षांना गुडघ्यावर आणणारी बाई एका वर्षात अशी का थकावी, हा प्रश्न कोणालाही पडला नाही.

त्या महाराष्ट्र दिनाला त्यांनी हट्टाने खडू घेतला. डहाणूपासून सुरुवात केली आणि रेषा आखडत गेली. खाड्या आल्याच नाहीत. किनारा नुसता कापत खाली उतरला. पूर्ण महाराष्ट्र एका फरशीत मावला. मुले वाकून बघत होती. एकीने विचारले, "आजी, बाकीचा कुठे गेला?"

बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या घरात गेल्या. शिरढोण कोणालाही विचारले नाही.

मी त्याच दिवशी मेडिकलवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ उरणकडच्या गावातला. जमीन सरकारी प्रकल्पात गेली, तिचे पैसे आले, त्यातून हे दुकान झाले. स्वभावाने गरीब. पण स्वभाव हा बचाव होऊ शकत नाही.

"ही चक्करची गोळी बाई किती दिवस घेताहेत?"

"लय दिवस झाले काका. चालूच हाय."

"चिठ्ठी कधीची आहे?"

"चिठ्ठी जुनी हाय, पण डॉक्टर तेच हायत ना!"

"चक्कर येते का, असं कधी विचारलंत?"

"आमी? बाईंना?" तो खरोखर दचकला. "काका, तुमी बाहेरचे. तुमाला नाय कळायचा. शाळंत त्यांनी माझा कान असा पिरगाळलेला, अजून उजवीकडनं कमी ऐकू येतंय. त्यांना मी इचारू, बाई, गोळी कशाला खाता? आनि डॉक्टर तर पयला नंबर. शेवटच्या बाकावरल्यानं पयल्या बाकावरल्याची चूक काडायची?"

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यात लबाडी नव्हती. म्हणूनच ते मला अधिक संतापजनक वाटते. या गावात बाईंवर इतकी माया होती की त्यांना एक साधा प्रश्न विचारणारा माणूस उरला नव्हता.

गुरुपौर्णिमेला डॉक्टर हार घेऊन आले. बाईंचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांनी पायांवर फुले ठेवली, हाताकडे पाहिले, आणि म्हणाले, "थोडं वाढलंय. बघू, डोस वाढवू." ते गेल्यावर मी बाईंना सांगितले की आता वाशीला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचे, आणि नाही म्हणालात तर बंगळुरूला तुमच्या मुलीला आत्ता फोन लावतो.

"लावा."

लावला. वृंदा पलीकडून म्हणाली, "काका, प्लीज घेऊन जा. ती माझं ऐकत नाही." बाई माझ्याशी वाशीपर्यंत बोलल्या नाहीत.

तेथली डॉक्टर तरुण होती. तिने नमस्कार केला, पाया पडली नाही. बाईंना उठवले, चालवले, वळवले, मनगट हातात घेऊन कोपरातून हळूहळू हलवून पाहिले. मग विचारले, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

बाईंनी हात हलण्याची सांगितली, पोटाची सांगितली आणि थांबल्या.

"बस?"

"बस."

"आणि चक्करची!" मी खुर्चीतून ओरडलो.

"ती औषध नाही," बाई म्हणाल्या. "ती माझ्या विद्यार्थ्यानं दिलीय. ती रोजचीच आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "आजी, कोणी दिली त्यावरून औषध ठरत नाही. किती दिवस घेताय?"

बाईंनी सांगितले. त्या तरुण मुलीने पुढे जे सांगितले ते मी आजही ओळीने सांगू शकतो. गोळी वाईट नाही. थोडे दिवस घेतली तर चक्करला चांगली आहे. पण म्हाताऱ्या माणसाने ती महिनोन्महिने घेतली तर काहींच्या हाताला कंप सुटतो, चाल मंदावते, चेहरा थिजतो, आणि ते हुबेहूब कंपवातासारखे दिसते. दुसरी गोळी त्या कंपावर दिली गेली आणि तिसरी दुसऱ्या गोळीच्या त्रासावर. खरा कंपवात असेलही; पण तो आहे की नाही हे पहिली गोळी थांबवल्याशिवाय कळणार नाही. पहिली आज थांबेल, दुसरी हळूहळू उतरवू, मनाने काहीही करायचे नाही. आणि पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या, कोणी दिल्या ते न बघता. नवा त्रास सुरू झाला की पहिला प्रश्न हाच: त्याच्या आधी कोणती नवी गोळी सुरू झाली होती?

हा प्रश्न विचारायला शिक्षण लागते असे मला वाटत नाही. नारळी पौर्णिमा संक्रांतीच्या आधी येते, एवढे माहीत असले की पुरे.

सुधारणा सावकाश झाली. श्रावणात बाईंनी ब्लाउजची बटणे स्वतः लावली आणि हे मला, परपुरुषाला, दारात उभे राहून विजयाने सांगितले. गणपतीत भुवई परत आली. माझ्या आरतीच्या सुरावर ती चढली. दसऱ्याला पाटीपूजनासाठी मुले पाट्या घेऊन आली तेव्हा सरस्वती काढायच्या आधी बाईंनी एका पाटीवर नुसता किनारा काढला. डहाणू ते रेडी, एका दमात. पनवेलच्या खाडीशी पेन्सिल थांबली.

"अर्जदार," त्या पाटीवरून मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं पत्र या वेळी बरोबर होतं."

मी कोणतेही पत्र लिहिले नव्हते. तरी मला ते कळले.

पाडव्याला डॉक्टर मिठाईचा डबा घेऊन आले. मी तेथेच होतो. ते नेहमीप्रमाणे बाईंच्या पायाशी जमिनीवर बसले. हात स्थिर आहे, हे त्यांनी पाहिले. त्यांच्या डोळ्यांत मला ते स्पष्ट दिसले.

"बाई, ऐकलं ते खरं का? माझी गोळी बंद केलीत?"

"अरे, तसं नाही. वाशीच्या मुलीनं सांगितलं म्हणून थोडे दिवस..."

"मला विचारायचं तरी. लोक मला विचारतात, बाईंनी डॉक्टर बदलला का? काय सांगू मी?"

"लोक विचारतात हा वैद्यकीय मुद्दा आहे का?" मी म्हणालो.

"काका, तुमचं कोर्ट वेगळं, माझं वेगळं."

"दोन्हीकडे चूक झाली की नोंद होते."

"तुम्ही गप्प बसा, अर्जदार!" बाई कडाडल्या. मग त्या पायाशी बसलेल्या, केस पिकलेल्या माणसाशी ज्या आवाजात बोलल्या तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. "रडवेला होऊ नकोस. तुझं काही चुकलं नाही. मला परवा जरा गरगरल्यासारखं झालंच होतं."

झाले नव्हते. आदल्या संध्याकाळी त्यांनी गच्चीवर जाऊन माझ्या बायकोचे पापड उलटले होते. पण त्या उठल्या, कपाटातून गोळ्यांचे जुने पाकीट काढले, आणि त्याच्यासमोर एक गोळी पाण्याबरोबर घेतली. डॉक्टरांनी अडवले नाही. त्यांनी पाया पडून निरोप घेतला.

मी ताडकन म्हणालो, "हा आत्मघात आहे."

"हा माझ्या घरातला विषय आहे."

"वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं ते चूक?"

"ती बरोबर असेल." बाई डब्यावरची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. "पण मी शिकवलेला पहिल्या बाकावरचा मुलगा चुकला म्हटलं, तर मी काय शिकवलं एवढी वर्षं?"

"भूगोल शिकवलात. औषधं शिकवली नाहीत."

त्यावर त्यांनी मला चहा न देता घरी पाठवले. मी वृंदाला कळवले, तिने फोनवर आईशी भांडण केले. वाशीला लेखी कळवले, तेथून उत्तर आले की रुग्णाला घेऊन या. रुग्ण येत नव्हता. मी दारात जाऊन रोज विचारी, "घेतलीत का?" आणि बाई रोज म्हणत, "वेगळं काही विचारा."

संक्रांतीपर्यंत हात पुन्हा हलू लागला होता आणि पाय पुन्हा ओढले जात होते. पुढच्या आठवड्यात त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळल्या. खुब्याचे हाड मोडले. कायद्याच्या दृष्टीने मी मान्य करतो: म्हातारे माणूस गोळीवाचूनही पडते. संशयाचा फायदा मी आरोपीला देतो. पण संशयाचा फायदा आणि प्रश्नच न विचारणे यांत फरक आहे.

लिफ्ट बंद होती आणि जिन्याच्या वळणात स्ट्रेचर मावेना, म्हणून बाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवले. मेडिकलवाला खुर्चीच्या एका पायाशी होता, रडत होता, आणि बाई त्याला म्हणत होत्या, "पायरीकडे बघ, माझ्याकडे नको." मी पुढे उलटा उतरत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची टेकली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले. वेदनेने चेहरा पांढरा पडला होता. हलणाऱ्या हाताने त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली.

"अर्जदार, तुम्ही लिहिणार. मला माहितीय."

"लिहिणार."

"लिहा. पण त्याचं नाव घालू नका."

त्यांनी बाही सोडली नाही. चौघे खोळंबले होते.

"बरं," मी म्हणालो.

बाही सुटली, मी बाजूला झालो आणि खुर्ची पुढे गेली. वळणावर फक्त त्यांचा पांढरा अंबाडा दिसला, आणि खालून चौघांपैकी एकाचा आवाज आला, "कठड्याला लागेल, डावीकडून घ्या, डावीकडून!" बाईंना मी शेवटचे पाहिले ते हे. रुग्णालयात अतिदक्षता विभागात मला जाऊ दिले नाही. मी नातेवाईक नव्हतो.

शोकसभा सोसायटीच्या सभागृहात झाली. डॉक्टर बोलले. डोळे पुशीत म्हणाले की कंपवात बळावला, वार्धक्यापुढे आम्ही डॉक्टर हतबल असतो. मी हात वर केला. अध्यक्ष, म्हणजे मधला बाक, माझ्याजवळ येऊन कानाशी म्हणाले, "काका, आज नको. बाईंना आवडलं नसतं." मी म्हणालो, बाईंना काय आवडेल हे जपत राहिल्यामुळेच ही शोकसभा भरली आहे. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद करवला. तिसऱ्याचा अपराध तो हा.

दिलेला शब्द मी पाळला आहे. या लेखात डॉक्टरांचे नाव नाही, दवाखान्याचा पत्ता नाही, गोळीचेही नाव नाही. पण लिहू नका असे बाई म्हणाल्या नव्हत्या, आणि उत्तर मागू नका असेही म्हणाल्या नव्हत्या. म्हणून या लेखाद्वारे मी संबंधित डॉक्टरांकडे जाहीर मागणी करतो. ज्येष्ठ नागरिकांसमोर आरोग्यावर व्याख्यान देण्यासाठी त्यांना पुढच्या महिन्यात याच सभागृहात पुन्हा निमंत्रण आहे. सभागृह भरलेले असेल. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी गोळ्यांचा डबा आहे, आणि कधी थांबवायची हे न सांगितलेली एखादी गोळी त्यात असू शकते. त्या सभेत त्यांनी स्वतःचे नाव स्वतः सांगावे आणि तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. चक्कर थांबल्यावर गोळी का थांबली नाही? हात हलू लागला तेव्हा आधी काय सुरू केले होते हे का पाहिले नाही? आणि पाडव्याला, स्थिर झालेला हात डोळ्यांनी पाहिल्यावर, बाईंच्या ओठांशी गेलेली गोळी आपण का अडवली नाही?

उत्तर मला पत्राने पाठवू नये. मी ते उघडणार नाही. सभेत द्यावे, ध्वनिक्षेपक सुरू ठेवून.